डॉ. मुंजे : नागपूरचे नेत्रवैद्य आणि राष्ट्रीय पुढारी

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी बिलासपूर येथे झाला. बिलासपूर आज छत्तीसगडात आहे. तेव्हा ते मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता त्या काळात कारभाराच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तिकडे जाऊन स्थिरावली होती. पुढे गव्हर्नर-जनरल डलहौसीने भोसल्यांचे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. मुंजे यांच्या पिढीने राज्य गेल्याच्या गोष्टी पुस्तकातून वाचल्या नाहीत, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. महाल भागातला भोसल्यांचा वाडा आणि सीताबर्डीचा किल्ला रोज डोळ्यांसमोर असलेल्या नागपुरात हा पुढारी पुढची चाळीस-पन्नास वर्षे वावरला. त्याच्या राजकारणाचा एकच धागा सांगायचा झाला तर तो असा : या समाजाच्या हातातून शस्त्र गेले म्हणून राज्य गेले, आणि ते हात पुन्हा शिकवल्याशिवाय राज्य परत मिळणार नाही, मिळाले तरी टिकणार नाही.

मुंजे यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. ते दिवस प्लेगचे होते. मुंबई महापालिकेत त्यांना डॉक्टरची नोकरी मिळाली, पण ती त्यांनी फार दिवस केली नाही. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकातून ते तिकडे गेले. त्याच युद्धात मोहनदास गांधींनी नाताळमध्ये हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे केले होते. पुढे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना गेलेल्या या दोघांनी आधुनिक युद्ध पहिल्यांदा जवळून पाहिले ते एकाच भूमीवर. मुंजे यांनी तिथून जे मनात साठवून आणले ते सरळ होते. मूठभर बोअर शेतकरी जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याला झुंजवत होते, कारण घोडा आणि बंदूक त्यांच्या रोजच्या जगण्यातली होती.

परतल्यावर ते नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणून स्थिरावले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. नेत्ररोगांवर त्यांनी संस्कृतात ‘नेत्रचिकित्सा’ हा ग्रंथ लिहिला. पाश्चात्य शल्यविद्या शिकलेल्या माणसाने आपले शास्त्र संस्कृतात मांडावे, यात त्यांचा पिंड दिसतो. नवे ज्ञान त्यांना हवे होते, तेही पुरेपूर. मात्र ते आपल्या घरच्या भाषेत आणि परंपरेच्या चौकटीत बसलेले हवे होते. आहाराच्या आणि शिकारीच्या बाबतीत मात्र ते रूढ ब्राह्मणी आचार मानत नसत. अंगात बळ येणार असेल तर सोवळे बाजूला ठेवायची त्यांची तयारी होती. जुन्याला धरून राहणाऱ्या इतर पुढाऱ्यांपेक्षा ते इथे वेगळे पडतात.

टिळकांच्या राजकारणात ते याच सुमारास आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि नागपूर-अमरावती-यवतमाळ या पट्ट्यात जहालांचे जाळे पसरू लागले. अमरावतीला दादासाहेब खापर्डे आणि नागपुरात मुंजे, अशी ती फळी होती. समोर सर गंगाधरराव चिटणवीस आणि बिपिन कृष्ण बोस यांच्यासारखे मवाळ होते. ही माणसे प्रतिष्ठित, सरकारदरबारी वजन असलेली आणि सनदशीर मार्गावर मनापासून विश्वास ठेवणारी होती. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरात भरायचे ठरले तेव्हा दोन्ही गट समोरासमोर आले. अध्यक्षपदी टिळक हवेत, असा जहालांचा आग्रह होता. स्वागत समितीच्या बैठकीत गोंधळ माजला आणि काही निर्णय होईना. शेवटी नोव्हेंबरमध्ये मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या घरी झालेल्या बैठकीत अधिवेशन सुरतेला हलवण्याचे ठरले. सुरतेत काय झाले ते सर्वश्रुत आहे : खुर्च्या उडाल्या, जोडा फेकला गेला आणि काँग्रेस फुटली. त्या फुटीची पहिली चीर नागपुरात पडली होती. मुंजे सुरतेतही टिळकांच्या बाजूने उभे होते.

पुढे टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना नागपुरातला हा गट दबून राहिला, पण विझला नाही. तरुणांना हाताशी धरून वाढवणे हे मुंजे यांनी कधी सोडले नाही. त्या तरुणांपैकी एक होते केशव बळीराम हेडगेवार. वंदे मातरमच्या प्रकरणात नागपूरची शाळा सोडावी लागलेल्या या मुलाला १९१० मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवण्यात मुंजे यांचा पुढाकार होता. कलकत्ता निवडण्यामागे बंगालच्या क्रांतिकारकांशी संबंध जोडण्याचा हेतूही होता.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्याच वर्षअखेर काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरणार होते आणि टिळकपंथी गटाला अध्यक्षपदासाठी तोलामोलाचा माणूस हवा होता. मुंजे यांनी पाँडिचेरीला अरविंद घोषांना गळ घातली. ३० ऑगस्टला मुंजे यांना लिहिलेल्या पत्रात अरविंदांनी नकार कळवला. आपण आता निव्वळ राजकारणी उरलो नसून वेगळे कार्य हाती घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. अधिवेशनाचे अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर झाले आणि स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज. देशभरातून चौदा हजारांवर प्रतिनिधी आले. असहकाराला विरोध करायला आलेले चित्तरंजन दास यांनीच अखेर असहकाराचा ठराव मांडला. भाषावार प्रांत समित्या आणि चार आण्यांचे सभासदत्व आणणारी काँग्रेसची नवी घटना इथेच मंजूर झाली. जीनांनी काँग्रेसकडे पाठ फिरवली तीही इथेच.

मुंजे यांच्या दृष्टीने हा पराभव होता, आणि तो स्वतःच्या शहरात, स्वतः राबून उभ्या केलेल्या मांडवात झाला होता. अहिंसा हे तत्त्व म्हणून त्यांना कधीच पटले नाही. खिलाफतीच्या प्रश्नाला स्वराज्याच्या चळवळीत गुंफणे तर त्यांना घातक वाटले. तरीही ते लगेच काँग्रेसमधून बाहेर पडले नाहीत. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्याविषयी लिहिताना १९२० नंतरचे मुंजे थेट हिंदुसभेत नेऊन बसवण्याची सवय अनेकांना आहे. प्रत्यक्षात मधली पाच-सहा वर्षे ते दोन्हीकडे होते.

या वर्षांत त्यांचे मत पक्के झाले ते मलबारमुळे. १९२१ च्या मोपल्यांच्या बंडानंतर मुंजे तिकडे गेले, लोकांना भेटले, आणि आपले निष्कर्ष त्यांनी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांना कळवले. त्यांच्या निदानाचा मुख्य भाग हिंदूंच्या आतल्या फुटीवर होता. संकटकाळी एका जातीची माणसे दुसऱ्या जातीसाठी धावून येत नाहीत, सगळ्यांनी एकत्र जमावे अशी जागा नाही, आणि अस्पृश्य मानलेला माणूस तर गावकुसाबाहेरच असतो, असे त्यांनी मांडले. या निदानात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. जातिभेदाची कठोर कबुली होती. पण त्या कबुलीमागे न्यायाची भूक कमी आणि संख्याबळाची गरज जास्त होती. मुंजे यांच्या सामाजिक भूमिकेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

१९२३ हे साल नागपुरात दोन सत्याग्रहांचे ठरले. उन्हाळ्यात झेंडा सत्याग्रह झाला. पुढे मशिदींसमोरून वाजतगाजत दिंडी नेण्यावर सरकारने घातलेल्या बंदीविरुद्ध दिंडी सत्याग्रह उभा राहिला. त्यातून नागपूर हिंदुसभेची बांधणी झाली : राजे लक्ष्मणराव भोसले अध्यक्ष, मुंजे उपाध्यक्ष, हेडगेवार चिटणीस. एका बाजूला खालसा झालेल्या राजघराण्याचा वारस, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शिकलेले दोन डॉक्टर, अशी ही जुळणी होती. यानंतर शहरातला हिंदू-मुस्लिम तणाव वाढत गेला आणि सप्टेंबर १९२७ मध्ये महाल भागात मोठा दंगा झाला. दोन्ही समाजांची माणसे मेली. मधल्या काळात, १९२५ च्या विजयादशमीला, हेडगेवारांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू केला होता. मुंजे या कामाचे पाठीराखे होते. मात्र हेडगेवारांनी संघाला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवण्याची जी भूमिका घेतली ती मुंजे यांच्या स्वभावाची नव्हती. ते हाडाचे विधिमंडळातले आणि सभा-परिषदांतले पुढारी होते.

विधिमंडळातले त्यांचे काम १९२३ च्या निवडणुकीपासून सुरू झाले. मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले, पक्षाने मंत्रिपदे नाकारली आणि द्विदल राज्यपद्धती इथे ठप्प झाली. पण नुसती अडवणूक किती काळ करायची हा प्रश्न होताच. १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे यांनी प्रांताच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली आणि स्वराज्य पक्षात वादळ उठले. मोतीलाल नेहरू संतापले. मुंजे, जयकर आणि न. चिं. केळकर हे तिघे दुसऱ्या बाजूला गेले. सरकार देईल ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, ही टिळकांची प्रतियोगी सहकारिता हेच त्यांचे धोरण झाले. १९२६ मध्ये मुंजे मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. तिथे त्यांनी सैन्याच्या हिंदीकरणाचा, म्हणजे अधिकारपदांवर भारतीयांना नेमण्याचा, आणि शाळा-कॉलेजांतल्या फौजी शिक्षणाचा विषय लावून धरला. १९२७ मध्ये पाटण्याच्या अधिवेशनात ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले, आणि पुढची दहा वर्षे अध्यक्ष कोणीही असो, महासभेचे धोरण ठरवण्यात त्यांचा शब्द वजनदार राहिला.

नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. काँग्रेसचा बहिष्कार होता, देशात कायदेभंग पेटलेला होता, आणि हेडगेवार जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. अशा वेळी मुंजे लंडनला गेले याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. आपण गेलो नाही तर हिंदूंची बाजू कोणीच मांडणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. परिषदेत त्यांनी सिंध मुंबई इलाख्यापासून तोडण्याला आणि विभक्त मतदारसंघांना विरोध केला, आणि संरक्षणविषयक उपसमितीत सैन्याच्या हिंदीकरणासाठी कालमर्यादा मागितली. दुसऱ्या परिषदेलाही ते गेले.

दोन परिषदांच्या मधल्या काळात त्यांनी युरोपचा जो दौरा केला त्यावर आजही वाद होतात. इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीतल्या फौजी शिक्षणसंस्था पाहून ते मार्च १९३१ मध्ये इटलीत पोचले. रोममध्ये त्यांनी लष्करी महाविद्यालय, शारीरिक शिक्षणाची मध्यवर्ती लष्करी शाळा आणि फॅसिस्ट अकादमी पाहिली, आणि बलिल्ला या मुलांच्या संघटनेची बारकाईने माहिती घेतली. लहान वयात मुलांना गणवेश, कवायत आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी एकत्र जमण्याची सवय लावणारी ती संघटना होती. १९ मार्चला पलाझ्झो व्हेनेझियात मुसोलिनीशी त्यांची भेट झाली. रोजनिशीत मुंजे यांनी ती तपशिलाने नोंदवली आहे. इटलीतल्या संस्था पाहून काय वाटले, असे मुसोलिनीने विचारले. वाढू पाहणाऱ्या प्रत्येक राष्ट्राला अशा संस्था लागतात आणि हिंदुस्थानाला तर त्यांची फार गरज आहे, अशा आशयाचे उत्तर मुंजे यांनी दिले.

या भेटीचे मोल काय करावे? ज्या इटलीत ते हिंडत होते तिथे १९२६ पर्यंत विरोधी पक्ष मोडून टाकलेले होते, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झालेली होती आणि विरोधक तुरुंगात किंवा परागंदा होते. हे मुंजे यांच्या कौतुकाच्या आड आले नाही, ही त्यांच्या दृष्टीतली मोठी उणीव म्हणावी लागते. शिस्त कशासाठी आणि कोणाच्या हुकमाखाली, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही. दुसरीकडे, फौजी शिक्षणाचा ध्यास त्यांना रोमने दिला असे म्हणणेही चूक आहे. तो बोअर युद्धापासूनचा होता, आणि कायदेमंडळातली त्यांची मागणी या भेटीच्या आधीची होती.

परतल्यावर ते सेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखालील हिंदी लष्करी महाविद्यालयाच्या समितीवर सभासद होते. याच समितीच्या शिफारशीतून १९३२ मध्ये देहरादूनला भारतीय लष्करी प्रबोधिनी निघाली. पहिल्या तुकडीत ४० छात्र होते. मुंजे यांना हा वेग फार अपुरा वाटत होता. सरकारी प्रबोधिनीत पोचतील अशी मुले तयार करणारी शाळा खाली हवी, या विचाराला इथे धार आली.

१९३२ सालीच त्यांच्या हातून एक करार झाला. त्याचे नाव इतिहासात राहिले, काम मात्र सहा महिन्यांत बाजूला पडले. मद्रासचे रावबहादूर एम. सी. राजा हे अस्पृश्य समाजाचे जुने पुढारी. त्यांच्याशी मुंजे यांनी संयुक्त मतदारसंघ आणि लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा असा करार केला आणि तो ब्रिटिश पंतप्रधानांना कळवला. गोलमेज परिषदेत विभक्त मतदारसंघ मागणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेला हा उघड शह होता. त्याला उत्तर मिळाले ते नागपूरच्या दारातच. मे १९३२ मध्ये कामठीला भरलेल्या अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेने राजा-मुंजे करार फेटाळून आंबेडकरांच्या मागे उभे राहण्याचे ठरवले. ऑगस्टमध्ये विभक्त मतदारसंघ देणारा जातीय निवाडा जाहीर झाला, त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा, हे त्याचे सूत्र राजा-मुंजे कराराच्या दिशेचेच होते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा, की आता सही आंबेडकरांची होती.

आंबेडकरांशी मुंजे यांचा याहून विलक्षण व्यवहार पुढे १९३६ मध्ये झाला. येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केल्यानंतर आंबेडकर कोणता धर्म स्वीकारणार याकडे साऱ्या देशाचे लक्ष होते. १८ जून १९३६ रोजी मुंजे मुंबईत राजगृहावर त्यांना भेटले. आंबेडकरांनी शीख धर्म निवडला तर हिंदुमहासभा विरोध करणार नाही, आणि शीख झालेल्या अस्पृश्यांना पुणे करारातले हक्क चालू राहावेत यासाठी प्रयत्न करील, अशी ती तडजोड होती. शंकराचार्य कुर्तकोटी यांचीही तिला संमती होती. पाठिंब्यासाठी मुंजे यांनी ३० जूनला एम. सी. राजा यांना खासगी पत्र लिहिले. राजा चिडले. माणसांचे धर्मांतर ही काय सौद्याची वस्तू आहे, असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्यांनी तो पत्रव्यवहार गांधीजींपर्यंत पोचवला. तो छापून आल्यावर बेत फिसकटला. या प्रकरणात मुंजे यांचा खरा स्वभाव उघडा पडतो. अस्पृश्यांनी हिंदू देवळात यावे की नाही यापेक्षा ते कोणत्या मोठ्या गोटात मोजले जातील, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा होता. राजांना आणि आंबेडकरांना तो माणुसकीचा आणि हक्काचा होता. पुढे वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, मुंजे यांच्याच नागपुरात आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला.

शाळेचे काम मात्र तडीस गेले. १९३५ मध्ये मुंजे यांनी सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. साठी ओलांडलेला हा माणूस संस्थानिकांचे दरबार, गिरणीमालकांच्या पेढ्या आणि सरकारी अधिकाऱ्यांची दालने पालथी घालून निधी जमवत होता. संस्थानिकांना सरकारची नाराजी परवडणारी नव्हती, म्हणून व्हाइसरॉयपासून सेनापतीपर्यंत सगळ्यांची अनुकूलता आधी मिळवायची आणि मग देणगी मागायची, असा हा चिकाटीचा क्रम होता. जून १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जागेला रामभूमी हे नाव मिळाले आणि विद्यार्थ्यांना रामदंडी. शाळा नाशिकला असली तरी तिच्या नावात भोसल्यांची आठवण जागी राहिली. घोडेस्वारी, नेमबाजी, कवायत आणि त्याबरोबर नेहमीचा अभ्यासक्रम, अशी तिची रचना होती. मुंजे उतारवयातही मुलांबरोबर घोड्यावर बसत. आयुष्यभर भाषणांतून जे मागितले ते त्यांना इथे एका आवारापुरते का होईना उभे करता आले.

१९३७ मध्येच सावरकरांवरचे निर्बंध उठले आणि वर्षअखेर ते महासभेचे अध्यक्ष झाले. १९३८ चे अधिवेशन नागपुरात भरले तेव्हाही अध्यक्ष सावरकरच होते. मुंजे यांनी धुरा मोकळ्या मनाने त्यांच्याकडे दिली. दुसऱ्या महायुद्धात महासभेने हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले आणि १९४२ च्या चळवळीपासून ती दूर राहिली. मुंजे यांच्या दृष्टीने ही संधी होती, कारण जे शिक्षण सरकार पंचवीस वर्षे मागूनही देत नव्हते ते युद्धाने लाखो तरुणांना एकदम मिळत होते. पण लोकांच्या मनात ते दिवस त्या चळवळीमुळे कोरले गेले, आणि १९४५-४६ च्या निवडणुकांत महासभेचा जवळपास धुव्वा उडाला.

फाळणीला त्यांचा अखेरपर्यंत विरोध होता. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. संघावर बंदी आली, महासभेने फेब्रुवारीत राजकीय काम थांबवण्याचे ठरवले, आणि नागपूरसह महाराष्ट्रभर ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. त्याच धामधुमीत, मार्च १९४८ च्या पहिल्या आठवड्यात, वयाच्या ७६ व्या वर्षी मुंजे यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या कायदेमंडळाने राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा केला. तो कुंझरू समितीच्या शिफारशीवर उभा होता आणि कोणत्याही एका धर्माच्या मुलांपुरता नव्हता.

नागपुरात सीताबर्डीचा मुंजे चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि भोसला मिलिटरी स्कूलची शाखा १९९० च्या दशकात शहरात निघाली. त्यांच्या समर्थकांनी त्यांना धर्मवीर म्हटले आणि बाळशास्त्री हरदासांनी त्याच नावाने त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. त्यांची कागदपत्रे आणि रोजनिशी दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. इटलीच्या दौऱ्याविषयी २००० नंतर जे लेखन झाले त्याचा मोठा आधार याच रोजनिशीचा आहे. हिंदुत्ववादी संघटनांवर फॅसिझमचा प्रभाव किती, हा वाद अभ्यासक तिच्याच पानांवरून घालतात, आणि त्यातून दोन्ही बाजू उलट निष्कर्ष काढतात.